धान पिकवायला शेत लहान बरं की मोठं? पाणी, खत आणि मजुरीचा हिशेब

वैनगंगाकाठ (गोंदिया जिल्हा)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात उन्हाळ्यापासून एका प्रस्तावावर चर्चा चालू आहे. नहरीच्या (कालव्याच्या) एका दाराखाली लागून असलेली चाळीसेक जणांची धानाची जमीन एकत्र कसायची, मधले धुरे (बांध) मोडून मोठ्या बांध्या (भातखाचरं) करायच्या, यंत्राने रोवणी आणि हार्वेस्टरने कापणी करायची, नफा जमिनीच्या हिश्शाप्रमाणे वाटायचा. प्रस्ताव मांडणाऱ्यांचं म्हणणं असं की लहान बांधीत पाणी, युरिया, डिझेल, मजुरी, सगळंच जास्त लागतं आणि शेत मोठं झालं की सगळंच वाचतं.

मला हे सरसकट पटत नाही, म्हणून हा धागा.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातलं सरासरी शेत १.०८ हेक्टरचं आहे, महाराष्ट्राचं १.३४ आणि पंजाबचं ३.६२ हेक्टर. आमच्या गावात दोन-अडीच एकरवालेच जास्त, आणि तेही चार-पाच तुकड्यांत. माझंही तसंच. काही तुकडे कन्हारात (भारी चिकण जमिनीत), काही सिहारात (हलक्या जमिनीत). कन्हारात भरलेलं पाणी आठवडाभर हलत नाही. सिहारात तेच पाणी तिसऱ्या दिवशी दिसत नाही. मालक एक, हात तेच, बियाणं तेच, तरी पाण्याचा खर्च दोन्हीकडे वेगळा. मग ‘शेत लहान म्हणून पाणी वाया’ हे कसं मानायचं?

दुसरं म्हणजे काटकसर कशाची मोजायची ते आधी ठरायला हवं. एकरी किती क्विंटल ही जमिनीची काटकसर झाली. क्विंटलमागे किती दिवसांची मजुरी ही श्रमाची. हजार लिटरमागे किती धान ही पाण्याची. या तिन्ही एकाच बाजूला झुकतात असं गृहीत धरून आमच्याकडे निर्णय होऊ घातलाय. माझी समजूत अशी आहे की लहान शेत जमीन वाचवतं, मोठं शेत मजुरी वाचवतं, आणि पाणी मात्र शेताच्या आकारावर वाचत नाही. पाण्याचं दार कोणाच्या हातात आहे त्यावर ते वाचतं.

ज्यांनी वेगवेगळ्या भागांत धान पाहिलाय त्यांनी लिहावं. विरोधी मत असेल तर जरूर लिहावं, बैठक पुन्हा बसणार आहे.

---

आकडेमोड (पुणे)

चांगला धागा. या प्रश्नाला आपल्याकडे साठ वर्षांहून जुना इतिहास आहे. १९५० च्या दशकात सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या केल्या. त्यांतली आकडेवारी घेऊन अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’त दाखवलं की शेताचा आकार वाढतो तसं एकरी उत्पन्न घटताना दिसतं. कारणही त्यांनी मांडलं. लहान शेतकरी घरच्या माणसांना मजुरीच्या दराने मोजत नाही. आणखी एक दिवस निंदण केल्याने थोडं जरी धान वाढणार असेल तर तो करतो. मजूर लावणारा मात्र मजुरी वसूल होत नाही असं दिसलं की थांबतो. म्हणून लहान शेतात एकरी श्रम जास्त पडतात आणि एकरी पीकही जास्त येतं.

पुढे यावर खूप वाद झाला. लहान शेतं मुळातच चांगल्या जमिनीवर असतात का, शेतकऱ्याने सांगितलेलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजलेलं क्षेत्र यांत फरक पडतो का, हरितक्रांतीनंतर भांडवलवाल्याकडे पारडं झुकलं का, असे प्रश्न निघाले. प्रत्येकाचा काही परिणाम आहेच. पण ‘मोठं शेत म्हणजे एकरी जास्त पीक’ हे सरसकट सिद्ध झालेलं नाही, हे बैठकीत ठामपणे सांगा.

खताच्या बाबतीत मात्र प्रस्तावाच्या बाजूने बोलणारा पुरावा आहे. चीनमध्ये शेतं अत्यंत लहान, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शेताचा आकार १ टक्क्याने वाढला की हेक्टरी खताचा वापर सुमारे ०.३ टक्क्याने कमी दिसला. अर्धा एकर असेल तर माणूस मोजमाप करत बसत नाही. एक गोणी आणली की ती संपवतो. आपल्याकडे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, मग अर्धी गोणी वाचवून करायचं काय?

---

अर्चना_अर्जुनी

वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्या बैठकीत बायका होत्या का हे पहिलं विचारते. रोवणी आम्ही करतो. यंत्र आलं तर सगळ्यात आधी आमचाच रोज जातो.

पण मी फक्त रोजासाठी बोलत नाही. रोवणीला बाया मिळत नाहीत ही तक्रारही खरी आहे. आमच्याकडे आता गटाने गुत्ता (ठेका) घेतात, एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात, पऱ्हे (रोपं) म्हातारे होतात तरी नंबर लागत नाही. पऱ्ह्याचं वय वाढलं की फुटवे कमी येतात, मग एकरी पीक घटतं. त्यामुळे ‘लहान शेतात घरची माणसं असतात’ हे आकडेमोड दादांचं म्हणणं आज अर्धंच लागू आहे. पोरं नागपूर-हैदराबादला आहेत, घरी दोन माणसं. घरचे हात आहेत ते पन्नाशीच्या पुढचे.

मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. हिशेबात फक्त धान धरता, बाकीचं कुठे जातं? आमच्या धुऱ्यावर तूर असते. वर्षाची डाळ त्याच धुऱ्यावरून येते. धान कापायच्या आधी ओल असताना उभ्या पिकात लाखोळी, जवस, हरभरा फेकतो. याला आम्ही उतेरा म्हणतो. त्याला पाण्याचा एक थेंब वेगळा लागत नाही, नांगर लागत नाही, खत लागत नाही. धानाने सोडलेल्या ओलीवर दुसरं पीक निघतं. पाण्याची याहून मोठी काटकसर कोणती? आणि ओल्या बांधीत हार्वेस्टर घातला की चाकांखाली उतेरा गेला. धुरे मोडले की तूर गेली. मोठ्या शेताचा जो कागद दाखवतात त्यात ही दोन्ही पिकं धरलेली नसतात. धरा म्हणावं, मग बोलू.

---

सतलजपार (मूळ लातूर, नोकरीनिमित्त बरीच वर्षं पंजाबात)

मोठ्या शेतात पाणी वाचतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पंजाब पाहावा. तिथे बांध्या मोठ्या, जमीन सपाट, प्रत्येकाची स्वतःची बोअर, लेझरने सपाटीकरण झालेलं, आणि हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास धान. जमिनीची आणि मजुरीची काटकसर पाहायची असेल तर देशात त्याला तोड नाही. पाण्याचं काय? जमिनीत वर्षाला जेवढं वापरण्याजोगं पाणी मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं.

याचं कारण शेताच्या आकारात नाही. १९९७ मध्ये शेतीला वीज फुकट झाली आणि मधली काही वर्षं सोडली तर तशीच आहे. वीज ठरावीक तासच येते, म्हणून पंपाला आपोआप चालू होणारं स्टार्टर लावलेलं असतं. रात्री दोनला वीज आली की पंप सुरू, शेतात गरज असो वा नसो. पाण्याची किंमत शून्य असेल तर दहा एकरवाला काय आणि दोन एकरवाला काय, दोघेही बांधी भरूनच ठेवतात.

पाणी खऱ्या अर्थाने थोडं वाचलं ते २००९ च्या कायद्याने. आधी मे महिन्यातच लावणी व्हायची, ऊन कडक, बाष्पीभवन प्रचंड. कायद्याने १० जूनच्या आधी लावणीला बंदी केली, नंतर ती तारीख आणखी पुढे गेली. पुसा ४४ सारखं दीर्घ मुदतीचं वाण सोडून पीआर १२६ सारखं लवकर येणारं वाण घ्या म्हणून विद्यापीठ आणि सरकार मागे लागलं, त्यानेही पाण्याच्या पाळ्या घटतात. २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ नावाची योजना आली. ठरलेल्या कोट्यापेक्षा जितके युनिट कमी वापराल तितके, युनिटला ४ रुपये, खात्यात जमा. तारीख, वाण आणि किंमत, हे तिन्ही उपाय शेताच्या आकाराला हात न लावता झाले.

आणि एक कटू बाजू. पाण्याची पातळी खाली गेली तेव्हा मार पहिला लहान शेतकऱ्यालाच बसला. आधीच्या साध्या पंपांना पाणी लागेना, सबमर्सिबल बसवायला लाखांचं कर्ज. ज्यांना जमलं नाही त्यांनी जमीन मोठ्या शेतकऱ्याला खंडाने दिली आणि स्वतः मजुरीला गेले. बाकी देशात लहान माणूस मोठ्याची जमीन कसतो, तिथे मोठा लहानाची कसतो. ‘एकत्र कसू’ या प्रस्तावात पाच वर्षांनी निर्णय कोण घेत असेल, हे आज लिहून घ्या.

महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. उन्हाळी धान बोअरवर घेणाऱ्यांनी हा धडा वेळीच घ्यावा.

---

खलाटीतला (संगमेश्वर)

आमच्याकडे एकराच्या गोष्टी नाहीत, गुंठ्याच्या आहेत. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यांतली पंधरा मुंबईत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने कागदावरचे तुकडे रोखले असतील, जमिनीवरचे रोखले नाहीत.

तरी लहान शेतात खताची काटकसर होत नाही हे मी मान्य करणार नाही. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणासाठी चारसूत्री पद्धत बसवली ती लहान शेतकरी डोळ्यासमोर ठेवूनच. भाताचा पेंढा आणि तुसाची राख परत शेतात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशी आलटूनपालटून लावणी, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचायची. गोळी २.७ ग्रॅमची. हेक्टरी साडेबासष्ट हजार गोळ्या, म्हणजे जवळपास १७० किलो खत आणि तेही एकदाच. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या पडतात. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला तर त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर शेजारच्या खाचरात जातं. गोळी सात-दहा सेंटिमीटर खाली चिखलात असते, तिथून ते सुटत नाही.

आता सांगा, हे काम मोठ्या शेतात मजूर लावून कोण करील? हाताने खोचायचं काम लहान शेतातच परवडतं. अर्चनाताई म्हणतात तसे हात उरले नाहीत हीच आमचीही अडचण. म्हणून बरेच जण कर्जत-नेरळकडच्या सगुणा पद्धतीकडे वळलेत. चंद्रशेखर भडसावळे यांनी ती रुजवली. कायमचे गादीवाफे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच. चिखलणीचं पाणी आणि लावणीची मजुरी दोन्ही वाचतात. तणाची काळजी जास्त घ्यावी लागते. पण ती पाच गुंठ्यांतही होते आणि पाच एकरांतही.

---

वैनगंगाकाठ

अर्चनाताई, बैठकीत बायका दोनच होत्या आणि मागे बसल्या होत्या. पुढच्या बैठकीला रोवणीच्या गटांना रीतसर बोलवायचं मी पाहतो. उतेरा आणि धुऱ्यावरची तूर हिशेबात घालायचं नक्की.

खलाटीतले दादा, गोळीची गोष्ट आमच्याकडे वेगळी होते. आमच्या बांध्या एकाला एक लागून उतरत्या. वरच्याची बांधी भरली की पाणी मोरीतून खालच्याकडे येतं, त्याच्याकडून पुढच्याकडे. वरच्याने युरिया टाकला की दुसऱ्या दिवशी तो माझ्या बांधीत. मी माझं शेत सुकवायचं ठरवलं तरी वरचा पाणी सोडतो, आणि मी अडवलं तर खालचा भांडतो. इथे माझ्या शेताचा निर्णय माझ्या हातात नाहीच. नहरीच्या कामाची माहिती असलेलं कोणी आहे का इथे?

---

जुना_पाटकरी (पाटबंधारे खात्यातून निवृत्त)

आहे. सविस्तर लिहितो, कारण तुमचा प्रश्न खरा इथेच आहे.

भाताला पाणी तीन ठिकाणी लागतं. पहिलं चिखलणीला, साधारण १५० ते २५० मिलिमीटर. दुसरं पिकाची आणि पाण्याच्या पृष्ठभागाची वाफ, खरिपात रोज चार-पाच मिलिमीटर आणि उन्हाळ्यात सहा-सात. तिसरं जमिनीत मुरणारं. भारी चिकण जमिनीत ते रोज दोन-तीन मिलिमीटर असतं, हलक्या जमिनीत दहा, वीस, कधी त्याहून जास्त. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. आता शंभर दिवसांचा हिशेब करा. रोज २ मिलिमीटर मुरलं तर ८ लाख लिटर, रोज १० मुरलं तर ४० लाख लिटर. एकाच एकरात ३२ लाख लिटरचा फरक निव्वळ मातीमुळे पडतो. तुमचं कन्हार आणि सिहार ते हेच. सिहारात उन्हाळी धान घेणं हीच पाण्याची सर्वांत मोठी उधळपट्टी, शेत केवढंही असो. तिथे हरभरा, जवस, मका घ्या.

आता धुरे मोडण्याबद्दल. पूर्वजांनी बांध्या उताराप्रमाणे पाडल्या आहेत. शंभर मीटरला अर्धा मीटर उतार असेल आणि त्यावरच्या चार बांध्या एक केल्या, तर सपाटीसाठी वरच्या टोकाला पाऊण-एक फूट माती कापावी लागते. कापलेल्या जागी वरची कसदार माती तर जातेच, पण वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तयार झालेला कडक थरही फुटतो. पाणी धरून ठेवणारा तोच थर असतो. तो फुटला की काही वर्षं पाणी झिरपतच राहतं. एकत्र करायचंच असेल तर एकाच पातळीतल्या, शेजारी-शेजारी लांबीत असणाऱ्या बांध्या जोडा. यंत्राला वळायला जागा मिळते आणि माती फारशी हलत नाही. उताराच्या दिशेने बांध्या जोडू देऊ नका, हे माझं ठाम मत.

तिसरा मुद्दा बांधीतून बांधीत वाहणाऱ्या पाण्याचा. दाराखाली शेतचारी (शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट) नसली की शेवटच्या बांधीत पाणी पोचायला वरच्या सगळ्या भराव्या लागतात. चिखलणीच्या काळात म्हणूनच आठवडेच्या आठवडे वरची शेतं नुसती भरून राहतात आणि त्या सगळ्या दिवसांचं मुरणं आणि वाफ फुकट जाते. शिवाय पुढची पाळी कधी मिळेल याची खात्री नसली की प्रत्येक जण गरजेपेक्षा खोल पाणी भरून ठेवतो. त्याला दोष देता येत नाही, तो त्याच्या पिकाचा विमा आहे. पाळीची तारीख ठरलेली आणि पाळली जाणारी असेल तर तोच माणूस दोन इंचांवर थांबतो. माझ्या नोकरीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं.

म्हणून पाण्यापुरतं बोलायचं तर एका दाराखालचं सगळं क्षेत्र हेच एक शेत आहे. मालक चाळीस असले तरी चालतं, दार आणि चाऱ्या यांचा निर्णय एक हवा. त्यासाठी जमीन एकत्र करायची गरज नाही. महाराष्ट्रात २००५ पासून सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा आहे. पाणी वापर संस्थेने घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी घ्यायचं आणि आत कसं वाटायचं ते स्वतः ठरवायचं, अशी त्यात सोय आहे.

---

आकडेमोड

पाटकरी काकांच्या प्रतिसादाला जोडून दोन बाहेरची उदाहरणं.

बांगलादेशात उन्हाळी बोरो भात उथळ नलिकाकूपांवर होतो. पंपवाला एक, शेतकरी अनेक. पाण्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी हंगामाला एकरकमी, नाहीतर पिकाच्या हिश्शात. त्यामुळे आलटूनपालटून पाणी देण्याची (शेत सुकू द्यायचं, मग पुन्हा भरायचं) पद्धत तिथे शिकवली गेली तेव्हा वाचलेलं डिझेल पंपवाल्याचं, शेतकऱ्याला त्यातलं काहीच नाही. मग त्याने शेत सुकवायचा धोका का घ्यावा? ज्याने पाणी वाचवलं त्याच्या खिशात काही पडलं पाहिजे, तरच ते टिकतं.

दुसरं श्रीलंकेतलं. तिथे जुन्या तलावांखाली ‘बेथ्मा’ नावाची रीत आहे. तलावात पाणी कमी असेल त्या हंगामात सगळं लाभक्षेत्र भिजवायचं नाही. तलावाजवळचा ठरावीक भागच कसायचा, आणि तो त्या हंगामापुरता सगळ्यांमध्ये हिश्शाने वाटून घ्यायचा. ज्याची जमीन लांब आहे त्यालाही जवळचा तुकडा मिळतो. मालकी तशीच राहते. चाऱ्यांची लांबी कमी झाल्याने वाटेत मुरणारं पाणी वाचतं आणि शेपटाकडचा (चारीच्या शेवटच्या टोकाचा) माणूस उपाशी राहत नाही. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत मामा (माजी मालगुजारी) तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. अर्धा भरलेल्या तलावाखाली उन्हाळी धानासाठी असं काही करता येईल का, हे तिकडच्या लोकांनी सांगावं.

---

वैनगंगाकाठ

बेथ्माची कल्पना मला फार आवडली. आमच्याकडे तलावाखालची शेतं त्याच कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून एका हंगामापुरतीसुद्धा दुसऱ्याला द्यायला लोक तयार होतील का याची शंका वाटते. सातबाऱ्यावर पीकपाहणी कोणाची लागणार आणि खरेदी केंद्रावर धान कोणाच्या नावावर जाणार, हे दोन प्रश्न लगेच निघतील. धानाचा सरकारी बोनस आता क्विंटलवर नाही, हेक्टरी आहे. २०२३-२४ मध्ये २० हजार रुपये हेक्टरी आणि तोही २ हेक्टरपर्यंत. तेव्हा नावं स्पष्ट राहायला हवीत. हेच कारण ‘सगळी जमीन एकत्र’ या प्रस्तावालाही लागू पडतं.

---

निगातावासी (जपान)

इथली स्थिती थोडक्यात. जपानने १९६० च्या दशकापासून भातखाचरांची फेरआखणी केली. ३० आर, म्हणजे १०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, हे प्रमाण खाचर ठरलं. प्रत्येकाला एका बाजूने पाण्याची चारी आणि दुसऱ्या बाजूने निचऱ्याचा चर. त्यामुळे शेजाऱ्याच्या खाचरातून पाणी घ्यावं लागत नाही. माझ्या मते शेत मोठं होण्यापेक्षा हे स्वतंत्र दार आणि स्वतंत्र निचरा जास्त महत्त्वाचे ठरले. २०१४ पासून प्रत्येक प्रांतात जमीन भाड्याने घेऊन मोठ्या कसणाऱ्याला देणाऱ्या संस्था आहेत, कारण शेतकऱ्यांचं सरासरी वय सत्तरीकडे गेलंय.

मोठ्या शेतात तांदळाचा किलोमागे खर्च लहानाच्या निम्म्यावर येतो, हे इथे आकड्यांत स्पष्ट दिसतं. तो मुख्यतः यंत्र आणि श्रम यांचा. साधारण दहा-पंधरा हेक्टरच्या पुढे खर्च फारसा उतरत नाही, कारण तुकडे विखुरलेले असतात आणि यंत्र रस्त्यावरच फिरतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बैठकीत जरूर मांडा. पूर्वी वसंतात अख्खं गाव चाऱ्यांमधला गाळ काढायला उतरायचं. आता शेतकरी चार उरले. कसणारे कमी झाले तसे चारी सांभाळणारे हातही कमी झाले, आणि आता सरकार गावातल्या बिगरशेतकऱ्यांना सोबत घेऊन त्या कामासाठी अनुदान देतं.

---

सतलजपार

हे फार महत्त्वाचं. चाळीस घरांचा चारीशी संबंध तुटला की तो पुन्हा जोडणं कठीण.

---

अर्चना_अर्जुनी

पाटकरी काका, पाणी वापर संस्था आमच्याकडेही कागदावर आहे. बैठक होत नाही, मोजमापाचं यंत्र बसलं ते बंद पडलं, वसुली कोण करणार म्हणून कोणी अध्यक्ष व्हायला तयार नाही. अशा संस्थेवर भरवसा ठेवून लोक पाणी कमी भरतील का?

---

जुना_पाटकरी

अर्चनाताई, तुम्ही म्हणता ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे. संस्था अख्ख्या लघुवितरिकेची (कालव्याच्या लहान शाखेची) असते, शेकडो सभासद, एकमेकांना ओळखतही नाहीत. सुरुवात तिथून करू नका. एका दारापासून करा, तीस-चाळीस माणसं, रोज धुऱ्यावर भेटणारी. आणि मोजमापाला महागडं यंत्र लागत नाही. दाराखाली चारीत एक पक्की, ठरावीक रुंदीची खाच बांधून तिच्यावर पट्टी रंगवली तरी पाण्याची उंची आणि तास लिहून ठेवता येतात. शेपटाकडच्या दोन जणांनी रोज वही भरायची. वही शेपटाकडच्यांच्याच हातात हवी. पाणी पोचलं नाही तर नुकसान त्यांचं होतं, म्हणून ते नोंद टाळत नाहीत.

---

वैनगंगाकाठ

मंडळी, इथल्या चर्चेवरून मी बैठकीसाठी एक वेगळा मसुदा करतोय. जमीन ज्याची त्याची, सातबारा आणि विक्री ज्याची त्याची. दाराखाली एक मुख्य शेतचारी, ज्याच्या जमिनीतून ती जाईल त्याला बाकीच्यांनी भरपाई द्यायची. बांध्या जोडायच्या त्या एकाच पातळीतल्या, तेही दोन शेजारी राजी असतील तिथेच. पऱ्हे एकत्र टाकायचे आणि एका दाराखाली एकाच मुदतीचा धान घ्यायचा, हलका (लवकर येणारा) तर सगळ्यांचा हलका. नाहीतर एकाचा कापणीला आणि दुसऱ्याला पाणी हवं, अशी ओढाताण होते. रोवणीचं यंत्र भाड्याने आणायचं ते बायांचे गट ज्या आठवड्यात पुरत नाहीत तेवढ्यापुरतंच, आणि दर गटांशी बोलून ठरवायचा. उन्हाळ्यात सिहारात धान नाही.

माझ्या अंदाजाने यात विरोध होईल तो शेवटच्या मुद्द्याला. उन्हाळी धानाला खरेदी केंद्र आहे. हरभरा, मक्याला भाव मिळेल याची तशी खात्री नाही. सिहारवाल्याने सगळ्यांसाठी पाणी सोडायचं तर बाकीच्यांनी त्याला काय द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही. कोणाकडे याचा अनुभव असेल तर लिहा.

आणि पाटकरी काका, शेत आलटूनपालटून सुकवायचं तर पिकाला फटका न बसता किती सुकवायचं? शेतातली पाण्याची पातळी पाहायला नळी लावतात, तिचं मोजमाप सांगाल का? आमच्याकडे पाइपांचे तुकडे भरपूर पडलेत.

---

जुना_पाटकरी

सांगतो. चार ते सहा इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप घ्या, लांबी ३० सेंटिमीटर. खालच्या अर्ध्या भागाला चारी बाजूंनी बारीक भोकं पाडा. भोकांचा १५ सेंटिमीटर भाग चिखलात रोवा, बाकीचा वर राहू द्या. आतला चिखल हाताने काढून टाका, म्हणजे बाहेरच्या जमिनीतली पाण्याची पातळी आत दिसेल. नळी धुऱ्यापासून थोडी आत, सरासरी उंचीच्या जागी लावा. अगदी खोलगट कोपऱ्यात किंवा उंचवट्यावर लावली तर ती चुकीचं दाखवते. कडक थराच्या खाली नळी जाऊ देऊ नका.

रोवणीनंतर पहिले दोन आठवडे पाणी थोडं उभं ठेवा, नाहीतर तण उठतं. त्यानंतर पाणी आपोआप आटू द्या. वरून जमीन सुकलेली दिसली तरी घाबरू नका, नळीत पाणी असतं आणि मुळं तिथपर्यंत पोचलेली असतात. नळीतलं पाणी तळाला गेलं, म्हणजे जमिनीखाली १५ सेंटिमीटर, की पुन्हा ५ सेंटिमीटर भरा. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा ते नंतर एक आठवडा मात्र सुकवायचं नाही, पाणी उभंच हवं. त्या काळात ताण पडला तर दाणा पोचट होतो. युरिया द्यायचा तो शेत सुकलेलं असताना, आणि लगेच पाणी भरायचं, म्हणजे तो मुळाशी उतरतो आणि खालच्याच्या बांधीत वाहून जात नाही.

याने पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, आणि सतत भरलेल्या शेताच्या तुलनेत मिथेन वायू जवळपास निम्म्यावर येतो. पण तुमच्या सध्याच्या स्थितीत, बांधीतून बांधीत पाणी वाहत असताना, एकट्याने नळी लावून उपयोग नाही. आधी शेतचारी करा. खर्चाचा अंदाज हवा असेल तर दाराखालचा नकाशा आणि उताराची मापं इथे टाका, मी चारीची आखणी काढून देतो.

सिहारवाल्यांच्या भरपाईबद्दल एक सुचवतो. त्यांच्या वाट्याची उन्हाळी पाळी कन्हारवाल्यांनी वापरायची आणि त्या बदल्यात कापणीनंतर ठरलेलं धान एकरी द्यायचं. किती द्यायचं ते तुम्ही सगळे बसून ठरवा, पण पाळी सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि वहीत लिहा.